प्रकल्प नोंदी: रॅक सर्व्हरवरून ब्लेडवर

८ जानेवारी

कामाला मंजुरी मिळाली. डेटा सेंटरमधले ४४ जुने रॅक सर्व्हर काढायचे आणि त्यांच्या जागी ब्लेड, म्हणजे एका सामाईक पेटीत (चॅसिसमध्ये) शेजारी-शेजारी सरकवायचे पातळ सर्व्हर, बसवायचे. जुन्यांमध्ये १ यू आणि २ यू (यू म्हणजे रॅकमधलं उंचीचं माप) यांची सरमिसळ आहे, तीन-चार पिढ्यांचे प्रोसेसर आहेत आणि निम्म्यांची वॉरंटी केव्हाच संपली आहे. वापराचे आलेख काढले तर बहुतेकांचे प्रोसेसर दिवसभर हातावर हात ठेवून बसलेले दिसतात. म्हणून जितके काढायचे तितकेच घ्यायचे, असं नाही. बहुतेक कामं व्हर्च्युअल मशिनवर (एकाच सर्व्हरवर चालणाऱ्या अनेक आभासी संगणकांवर) न्यायची आणि दोन चॅसिसमध्ये मिळून २० ब्लेड घ्यायचे, असा ढोबळ आराखडा आहे.

वरून पहिला प्रश्न आला तो जागा किती वाचेल याचा. त्याचं उत्तर एका ओळीत देता येतं: चार रॅकमधलं सामान २० यू मध्ये बसेल. पण ब्लेडच्या कामात जागेवरून काहीच ठरत नाही. खरा हिशेब वॅटचा, आणि त्याच्या पाठोपाठ एक चॅसिस बंद पडला तर किती गोष्टी एकदम बंद पडतील याचा. या दोन्हींचे आकडे हातात येईपर्यंत खरेदीचा कागद पुढे सरकवणार नाही, असं कळवून टाकलं.

१५ जानेवारी

जुन्या चार रॅकचं मोजमाप झालं. मिळून ११ किलोवॅटच्या आसपास, म्हणजे रॅकमागे तीन किलोवॅटसुद्धा नाही.

नव्याचा अंदाज असा. भाराखाली एक ब्लेड ३८० वॅट धरला तर दहा ब्लेडचे ३,८००. पंखे, स्विच मॉड्यूल आणि मॅनेजमेंट मॉड्यूल यांचे साधारण ८०० धरले तर एक चॅसिस ४,६०० वॅटवर जातो. दोन्हींचे मिळून ९.२ किलोवॅट. बेरीज जुन्यापेक्षा कमीच आहे, त्यामुळे बैठकीत सगळे खूश झाले. पण ही सगळी वीज आता चार रॅकऐवजी दोन ठिकाणी गोळा होणार आहे. शिवाय या चॅसिसमध्ये १६ जागा आहेत. रिकाम्या सहा जागा पुढच्या दोन वर्षांत भरल्याशिवाय राहत नाहीत. रिकामी जागा दिसली की कुणाला ना कुणाला ब्लेड हवाच असतो. १६ भरले की एक चॅसिस सात किलोवॅटला टेकतो.

आमच्या खोलीची आखणी रॅकमागे आठ किलोवॅटची आहे. म्हणजे ४२ यू च्या रॅकमध्ये १० यू चे चार चॅसिस मावतात हे माहितीपत्रकातलं चित्र इथे चालायचं नाही. इथे एका रॅकमध्ये एकच चॅसिस, आणि वरचे तीसेक यू जवळपास मोकळे. "मग जागा वाचली कुठे?" हा प्रश्न येणार हे उघड होतं, आणि आलाच.

२२ जानेवारी

ब्लेडच घ्यायचे का, साधे १ यू सर्व्हर का नकोत, यावर आज चांगली खडाजंगी झाली. विरोध करणाऱ्यांचं म्हणणं अगदी चुकीचं नाही. चॅसिस एका कंपनीचा घेतला की ब्लेडही तिचेच, स्विच मॉड्यूलही तिचीच. पुढच्या खरेदीत घासाघीस करायला आपल्या हातात फारसं काही उरत नाही.

बाजूने बोलणारा सगळ्यात मोठा मुद्दा केबलचा निघाला. २० सुटे सर्व्हर घेतले तर प्रत्येकी वीजेच्या दोन, नेटवर्कच्या दोन, स्टोरेजच्या दोन आणि मॅनेजमेंटची एक अशा १४० केबल होतात. दोन चॅसिसला वीजेच्या १२, नेटवर्कच्या १६, स्टोरेजच्या १६ आणि मॅनेजमेंटच्या ४, एकूण ४८. शिवाय ब्लेड बदलताना एकाही केबलला हात लावावा लागत नाही. सर्व्हरचे मॅक पत्ते (नेटवर्कवरची ओळख) आणि स्टोरेजचे पत्ते प्रोफाइलमध्ये, म्हणजे ब्लेडबाहेर साठवलेल्या नोंदीत राहतात. खराब ब्लेड काढून दुसरा घातला की तीच ओळख त्याला मिळते आणि स्टोरेज टीमला झोनिंग (कोणत्या सर्व्हरला कोणतं स्टोरेज दिसावं याची आखणी) बदलावं लागत नाही. रात्री दोन वाजता हा फरक फार जाणवतो.

ही कल्पना तशी जुनीच. आरएलएक्स टेक्नॉलॉजीजने २००१ मध्ये ३ यू मध्ये २४ ब्लेड बसवून दाखवले होते. पुढच्याच वर्षी आयबीएमचा ब्लेडसेंटर आला, ७ यू मध्ये १४. एचपीचा सी७००० हा २००६ चा, १० यू मध्ये १६, आणि सिस्को २००९ मध्ये या धंद्यात उतरली. तेव्हा जो तो यू मोजत होता. आता प्रोसेसर इतके तापतात की नव्या रचनांमध्ये ब्लेडची संख्या वाढवण्याऐवजी हवेला वाट मोकळी करण्यावर भर आहे. डेलच्या एमएक्स७००० मध्ये आणि सिस्कोच्या एक्स मालिकेत तर मधली सर्किट पाटी, म्हणजे मिडप्लेनच काढून टाकली आहे. सर्व्हर थेट मागच्या मॉड्यूलला जोडला जातो.

शेवटी ब्लेडवर शिक्का बसला. ग्राफिक्स प्रोसेसरची कामं मात्र यातून वगळली. त्यांना ब्लेडमध्ये कोंबण्यात अर्थ नाही, त्यांचे सुटे सर्व्हर वेगळे येतील.

२९ जानेवारी

फॅसिलिटी विभागाबरोबर वीजेची बैठक झाली. इथे मी मुद्दाम वेळ घेतला, कारण बहुतेक ठिकाणी गाडं इथेच अडतं.

चॅसिसला प्रत्येकी २,४०० वॅटचे सहा पॉवर सप्लाय. तीन ए फीडवर, तीन बी फीडवर, म्हणजे वीजेच्या दोन वेगळ्या वाटांवर. नेहमीच्या दिवसात भार दोन्हींवर निम्मा-निम्मा वाटला जातो, म्हणून पीडीयूच्या (रॅकमधल्या वीजवाटप पट्टीच्या) डिस्प्लेवर आकडा आटोक्यात दिसतो. पण ज्या दिवशी ए फीड जाईल त्या दिवशी सगळा भार एका बी वर येणार. त्यामुळे प्रत्येक फीड अख्ख्या चॅसिसचा भार एकट्याने पेलेल असाच असला पाहिजे. निम्म्या भाराच्या हिशेबाने पीडीयू घेतला तर एक फीड गेल्यावर दुसऱ्याचा ब्रेकर पडतो आणि दोन फीड असूनही अंधार होतो.

सध्याचे पीडीयू ३२ अँपिअर, सिंगल फेज. २३० व्होल्टला ७,३६० व्होल्ट-अँपिअर. सतत चालणारा भार ८० टक्क्यांच्या आत ठेवायचा हा आमच्याकडचा दंडक. म्हणजे वापरायला मिळतात ५,८८८. आजच्या दहा ब्लेडना पुरतील, सोळांना नाही. त्याऐवजी थ्री फेज १६ अँपिअरचे घेतले तर तिन्ही पॉवर सप्लाय तीन वेगळ्या फेजवर जातात. सात किलोवॅटचा पूर्ण भार एकाच फीडवर आला तरी फेजमागे १० अँपिअरच्या थोडं वर, मर्यादा १२.८. हे बसतं.

इलेक्ट्रिशियन म्हणाले, "साहेब, पीडीयूचं काही नाही, पॅनलमध्ये ब्रेकरला जागा नाहीये." पॅनल वाढवायचा तर तो थोडा वेळ बंद ठेवावा लागेल, आणि त्यासाठी यूपीएसवाल्यांची तारीख हवी. झालं, आता तारखेची वाट पाहणं आलं.

५ फेब्रुवारी

थंडावा. सात किलोवॅट उष्णता म्हणजे जवळपास २ टन एसी एकट्या एका रॅकसाठी. टन खोलीत आहेत, प्रश्न हवा रॅकच्या तोंडापर्यंत पोचण्याचा आहे. आत जाणाऱ्या आणि मागून निघणाऱ्या हवेत १५ अंशांचा फरक धरला तर सात किलोवॅटला ताशी १,४०० घनमीटर हवा लागते, म्हणजे ८२० सीएफएमच्या (मिनिटाला घनफूट) आसपास. रेज्ड फ्लोअरची (खालून थंड हवा येणाऱ्या उचललेल्या फरशीची) छिद्रांची एक साधी टाइल ३०० ते ५०० सीएफएम देते. तेव्हा रॅकसमोर एक टाइल पुरणार नाही. दोन जास्त मोकळ्या जाळीच्या टाइल टाकायच्या आणि थंड गल्लीला (रॅकच्या तोंडांसमोरच्या वाटेला) दोन्ही टोकांना दारं लावायची असं ठरलं. रॅकच्या तोंडाशी तापमान ॲश्रे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे १८ ते २७ अंशांत ठेवायचं.

खोलीत बसून कुडकुडणाऱ्यांना हे पटत नाही, पण खोली थंड असणं आणि ब्लेडला थंड हवा मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

१४ फेब्रुवारी

दोन मोठे चॅसिस की तीन लहान? यावर माझं मन अजून पूर्ण स्थिर नाही, तरी निर्णय दोनचा झाला.

आमच्या चॅसिसमध्ये पंखे, पॉवर सप्लाय, स्विच, मॅनेजमेंट, सगळं जोडीजोडीने असतं. मिडप्लेन मात्र एकच. त्यावर चालते-बोलते भाग जवळपास नसल्यामुळे ती क्वचितच बिघडते, पण वाकलेली पिन किंवा फर्मवेअरचा (यंत्राच्या आतल्या सॉफ्टवेअरचा) घोळ अख्खा चॅसिस बंद करायला लावू शकतो. मिडप्लेन बदलायची तर सगळे ब्लेड बाहेर. तेव्हा "एक चॅसिस पूर्ण गेला" हेच गृहीत धरून गणित मांडलं.

आधी मेमरी किती घ्यायची ते ठरवलं. या ब्लेडला १६ मेमरी स्लॉट आहेत, पण प्रोसेसर दोन आणि दर प्रोसेसरला चॅनेल (मेमरीकडे जाणाऱ्या वाटा) सहा. १६ ही भरले तर चॅनेलचा समतोल बिघडतो आणि मेमरीचा वेग घसरतो. म्हणून ३२ जीबीची १२ मॉड्यूल, ब्लेडमागे ३८४ जीबी. चार स्लॉट मोकळे राहिले म्हणून खरेदी विभागाने भुवया उंचावल्या, पण ते मोकळेच बरे.

२० ब्लेडचे ७,६८० जीबी. आमची मागणी ५,२००. कागदावर ऐसपैस. एक चॅसिस गेला की उरतात ३,८४०, आणि त्यात एक ब्लेड दुरुस्तीला बाहेर असेल तर ३,४५६. म्हणजे सगळं चालणार नाही. ज्यावाचून धंदा अडतो अशी मशिन ३,१०० जीबीची आहेत, ती बसतात. चाचणीची, प्रशिक्षणाची आणि अहवालांची मशिन अशा वेळी बंद राहतील. हे वापरणाऱ्या विभागांना आत्ताच लेखी कळवलं. आणीबाणीच्या रात्री फोनवर समजावत बसण्यापेक्षा आजची नाराजी परवडली.

तीन लहान चॅसिस असते तर एक गेल्यावर दोन तृतीयांश शिल्लक राहिलं असतं, हे खरं. पण तिसऱ्या चॅसिसबरोबर स्विच मॉड्यूलची तिसरी जोडी, मॅनेजमेंटची तिसरी जोडी आणि तिसऱ्या रॅकला दोन फीड आले असते, आणि पॅनलमध्ये तेवढी जागा नाही.

१९ फेब्रुवारी

नेटवर्कवाल्यांशी बोलणं. स्विच मॉड्यूलमागे ब्लेडकडे १० गिगाबिटच्या १६ वाटा, वरच्या स्विचकडे चार. म्हणजे पूर्ण भरल्यावर ४:१. त्यांना २:१ हवं होतं. आमच्या रहदारीत ब्लेड ते ब्लेड हा वाटा मोठा आहे आणि या मॉड्यूलमध्ये ती रहदारी चॅसिसच्या आतच वळते, म्हणून ४:१ वर तोडगा निघाला. वर जाणारे आणखी चार पोर्ट मोकळे आहेत, लागले तर जोडू. काही कंपन्यांच्या रचनेत शेजारच्या ब्लेडकडे जाणारं पॅकेटसुद्धा आधी वरच्या स्विचपर्यंत जाऊन परत येतं; तिथे हे गणित असं सुटलं नसतं.

२७ फेब्रुवारी

ऑर्डर गेली. सोबत पुरवठादाराकडून दोन गोष्टी लेखी मागितल्या: हा चॅसिस पुढच्या कोणत्या पिढीपर्यंतचे ब्लेड घेईल आणि त्याचे सुटे भाग कोणत्या वर्षापर्यंत मिळतील. तोंडी उत्तर लगेच आलं. लेखी यायला वेळ लागला, आणि ते तोंडीपेक्षा बरंच सावध होतं.

१८ एप्रिल

माल आला. पॅनलचं काम गेल्या आठवड्यात उरकलं होतं, त्यामुळे यावेळी थांबावं लागलं नाही.

भरलेला चॅसिस २०० किलोच्या आसपास जातो. तो तसा उचलायचाच नाही. ब्लेड, पॉवर सप्लाय, पंखे, मागची मॉड्यूल, सगळं काढून नुसता सांगाडा लिफ्टरने चढवला, रॅकच्या सगळ्यात खालच्या भागात. काढलेल्या प्रत्येक वस्तूवर बे (चॅसिसमधली ती जागा) क्रमांकाची चिठ्ठी. स्पॅनर आणि केज नट (रॅकच्या भोकांत बसणारे नट) यांची अदलाबदल झाली नाही, हे या कामात विशेषच.

मिडप्लेनच्या पिना टॉर्च तिरका धरून एकेका बे मध्ये पाहिल्या. समोरून प्रकाश टाकला तर वाकलेली पिन दिसत नाही. बाजूने टाकला की तिची सावली चुकते आणि लगेच कळते. सगळ्या सरळ होत्या.

२१ एप्रिल

रॅकच्या मागे उजवीकडे लावलेला पीडीयू शेवटच्या पंख्याच्या वाटेत येत होता. पंखा बसलेला असताना काहीच वाटत नाही. बाहेर ओढायला गेलो की खटका पीडीयूच्या प्लगवर अडतो. पंखा चालू चॅसिसमधून काढता येतो हा गुण काय कामाचा, त्यासाठी आधी वीजेचा प्लग काढावा लागत असेल तर? पीडीयूचे ब्रॅकेट बाहेरच्या खोबणीत सरकवले, जाड केबल खाली वळवून बांधल्या. मग दोन्ही रॅकमध्ये मागचा प्रत्येक भाग एकदा पूर्ण बाहेर काढून परत घातला. अर्धा दिवस गेला, पण हे काम चॅसिस चालू झाल्यावर कुणी करू देत नाही.

२३ एप्रिल

पहिला चॅसिस चालू केला. मॅनेजमेंट मॉड्यूल जागं होईपर्यंत पंखे पूर्ण वेगात फिरतात आणि शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं. कानाला प्लग ठेवलेले बरे.

दहा ब्लेड भरले, सहा जागांवर कोऱ्या झाकण्या. एक झाकणी मुद्दाम काढून पाहिली. हवा लगेच त्या रिकाम्या भोकातून सोप्या वाटेने पळते, भरलेल्या ब्लेडना कमी मिळते. शेजारच्या दोन ब्लेडचं तापमान चढायला लागलं आणि पंख्यांनी वेग ६० टक्क्यांवरून ८० वर नेला. पंख्याला लागणारी वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे एवढ्यानेच जवळपास २.४ पट. एका पत्र्याच्या तुकड्यापायी. झाकणी परत लावली आणि रॅकच्या दारावर सूचना चिकटवली: ब्लेड काढला तर त्या जागी झाकणी घातल्याशिवाय हलू नये.

२५ एप्रिल

चार ब्लेडचे स्टोरेज पोर्ट फायबर चॅनेल (स्टोरेजचं वेगळं नेटवर्क) स्विचवर दिसेनात. स्टोरेज टीमने झोनिंग तपासलं, केबल तपासल्या, मॉड्यूल बदलून पाहिलं. सगळं ठीक. दुखणं ब्लेडच्या आत निघालं. या चॅसिसमध्ये जोडणी मिडप्लेनवर कायमची कोरलेली असते: ब्लेडचे अंगचे नेटवर्क पोर्ट मागच्या बे १ आणि २ ला जातात, पहिलं मेझनिन कार्ड (ब्लेडच्या आत बसणारं जोडकार्ड) ३ आणि ४ ला, दुसरं ५ ते ८ ला. आमची फायबर चॅनेल मॉड्यूल ३ आणि ४ मध्ये आहेत. त्या चार ब्लेडमध्ये कार्ड दुसऱ्या जागी बसवून आलं होतं, म्हणजे त्याचे पोर्ट रिकाम्या बे कडे तोंड करून उभे. कार्ड सरकवलं, पोर्ट वर आले.

जुळणी पुरवठादाराकडे झाली होती. त्यांचा तपासणी अहवाल मात्र सोळा आणे बरोबर होता: "कार्ड बसवले". कुठे, ते त्यात नव्हतं.

२९ एप्रिल

फीडची चाचणी. सगळ्या ब्लेडवर भार देणारा प्रोग्रॅम लावला. चॅसिसचा वीजबचतीचा पर्याय आधी बंद केला, कारण कमी भाराला तो काही पॉवर सप्लाय झोपवून ठेवतो आणि मग आकड्यांची तुलना होत नाही. दोन्ही पीडीयूंवर प्रत्येक फेजला ३.३-३.४ अँपिअर. ए फीडचा ब्रेकर खाली केला. बी वर लगेच ६.७-६.८. एकही ब्लेड अडखळला नाही.

पण मॅनेजमेंटची खिडकी गोठली. चॅसिस ठणठणीत, आणि आम्हाला मात्र आतलं काही दिसेना. कारण रॅकच्या वरच्या भागातला मॅनेजमेंट स्विच एकाच पॉवर सप्लायचा आणि तो ए वर. म्हणजे ज्या दिवशी काय चाललंय ते पाहण्याची सर्वात जास्त गरज, नेमके त्याच दिवशी डोळे मिटलेले. दोन फीड घेऊन आपोआप बदलणारा ट्रान्सफर स्विच दोन्ही रॅकसाठी मागवला. तो आल्यावर चाचणी पुन्हा, यावेळी बी पासून सुरुवात.

१५ मे

फर्मवेअर कंपनीने दिलेल्या क्रमानेच चढवलं. ट्रान्सफर स्विच बसले, चाचणी पार पडली.

२० मे

स्थलांतर सुरू. क्लस्टरचा (एकत्र चालणाऱ्या होस्टचा, म्हणजे व्हर्च्युअल मशिन चालवणाऱ्या सर्व्हरचा गट) प्रोसेसर सुसंगतता स्तर जुन्या पिढीवर ठेवला, म्हणून चालू मशिन न थांबवता नव्या ब्लेडवर सरकतात. नव्या प्रोसेसरच्या काही सूचना तोपर्यंत वापरता येणार नाहीत. शेवटचा जुना होस्ट गेला की स्तर वर नेऊ, पण त्याचा फायदा मशिन एकदा पूर्ण बंद करून चालू केल्यावरच मिळतो. दोन जुने होस्ट दुसऱ्याच कंपनीच्या प्रोसेसरचे आहेत. तिथून चालू मशिन हलत नाही, बंद करूनच न्यावी लागतात. त्यांच्यासाठी रात्रीची वेळ मागितली.

नियम घातला: एकाच कामाची जोडी, मग ती डेटाबेसची असो वा लॉगिनची, कधीही एका चॅसिसमध्ये नाही. दोन वेगळ्या ब्लेडवर ठेवली की झालं असं साधनं समजतात. ते दोन ब्लेड शेजारी-शेजारी एकाच मिडप्लेनवर आहेत हे त्यांना सांगावं लागतं. म्हणून चॅसिसप्रमाणे होस्टचे गट करून दिले.

१७ जून

डेटाबेसच्या परवान्याचा तिढा. परवाना कोअरवर (प्रोसेसरमधल्या गणना करणाऱ्या भागांच्या संख्येवर) आहे, आणि मशिन ज्या ज्या होस्टवर जाऊ शकतं ते सगळे मोजले जातील असा पुरवठादाराचा पवित्रा. वीसही ब्लेडचे कोअर मोजले तर अंदाजपत्रक कोलमडतं. म्हणून चार ब्लेडचं वेगळं क्लस्टर केलं, दोन या चॅसिसमध्ये, दोन त्या. मोकळेपणा थोडा गेला, पण कागद स्वच्छ झाला.

एक जुनं सॉफ्टवेअर यूएसबी डाँगलशिवाय (परवान्याच्या किल्लीशिवाय) चालत नाही. ब्लेडला डाँगल लटकवणं हा काही मार्ग नव्हे. नेटवर्कवरून यूएसबी देणारं उपकरण लावून ते सोडवलं. मात्र एका यंत्राला खास पीसीआय कार्ड लागतं आणि ब्लेडमध्ये तसं कार्ड बसतच नाही. तो २ यू सर्व्हर आहे तसाच राहणार, नव्या रॅकच्या मोकळ्या भागात.

२ जुलै

जुने ४३ बाहेर. डिस्क पुसून त्यांच्या क्रमांकांची यादी ऑडिटला दिली. तीन जुने रॅक मोकळे झाले; चौथ्यात सध्या सुटे भाग.

दुसऱ्या चॅसिसच्या बे ११ साठी अहवाल विभागाची मागणी आली आहे, ब्लेडही त्यांनीच निवडून पाठवलाय. त्याचे प्रोसेसर आमच्या ब्लेडपेक्षा बरेच जास्त वॅटचे आहेत. चॅसिसची वीज आणि थंडावा, दोन्हींत तो बसतो का ते फीडच्या आकड्यांवरून तपासून मगच हो म्हणेन. तोपर्यंत बे ११ ची झाकणी काढू नये, असं शिफ्टच्या वहीत लिहून ठेवलंय.